विसरायच्या बेतात असताना विचारणारं यंत्र : अँकी पहिल्यांदा वापरणाऱ्यांसाठी

दिवेलागणीला घरोघरी परवचा व्हायचा. शुभंकरोती झालं की पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. ज्यांच्याकडून हे घोटून घेतलं गेलं त्यांना सत्तरीतही एकोणतीस साते विचारा, दोनशे तीन हे उत्तर विचार न करता येतं. पद्धत भक्कम होती, पण तिच्यात उधळपट्टीही होती. बेचा पाढा पहिल्या महिन्यातच पक्का झालेला असायचा, तरी तो रोज म्हणायचा. एकोणतीसचा रोज अडखळायचा, तरी तोही एकदाच म्हणायचा. कोणतं पोर काय आणि कधी विसरणार आहे याचा हिशेब ठेवणं कुठल्याही आजोबांच्या आवाक्यातलं नव्हतं.

हा हिशेब आता संगणक ठेवतो. एखादी गोष्ट तुमच्या डोक्यातून निसटायच्या बेतात असते, तेव्हाच ती पुन्हा विचारायची. आली तर पुढच्या वेळी जास्त दिवसांनी विचारायची, नाही आली तर लवकर. एवढ्या एका कल्पनेवर चालणारं ‘अँकी’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. एमपीएससीची तयारी करणारे, जर्मन किंवा जपानी शिकणारे, एमबीबीएसची पहिली दोन वर्षं कशीबशी रेटणारे, अशा सगळ्यांच्या ते कामाचं आहे. अडचण अशी की पहिल्यांदा उघडल्यावर ते रुक्ष दिसतं, मेन्यू इंग्रजीत असतात, आणि बरेच लोक महिन्याभरात कंटाळून सोडून देतात. बहुतेक वेळा दोष सॉफ्टवेअरचा नसतो, कार्डं वाईट लिहिलेली असतात. म्हणून या लेखात बटणांपेक्षा कार्डांवर जास्त लिहिलं आहे.

यामागचं विज्ञान, थोडक्यात

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची, काही काळ जाऊ द्यायचा, आणि तीच पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा किती कमी श्रम लागतात ते मोजायचं. वीस मिनिटांनी सुमारे ५८ टक्के श्रम वाचत होते, एका दिवसाने ३४ टक्क्यांच्या आसपास, आणि महिनाभराने २१ टक्के. म्हणजे घसरण पहिल्या दिवशी जोरात होते, नंतर मंदावते. २०१५ मध्ये ॲमस्टरडॅममधल्या संशोधकांनी हाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हाही वक्र जवळपास तसाच आला.

दुसरा प्रयोग नवशिक्यासाठी मला जास्त महत्त्वाचा वाटतो. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी अमेरिकेत विद्यार्थ्यांचे गट केले. एका गटाने एक उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्याने एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत कागदावर आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ विरुद्ध ७१ टक्के. आठवड्याने घेतली तेव्हा पारडं फिरलं : वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आणि आपल्याला जास्त लक्षात राहील अशी खात्री कोणाला होती? वाचणाऱ्यांना. पिवळ्या हायलायटरने पान रंगवून ‘झालं बुवा’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने ही आकडेवारी टेबलासमोर चिकटवावी.

या दोन गोष्टी, म्हणजे वाढत जाणारं अंतर आणि आठवण्याचा प्रयत्न, एकत्र आणण्याचं श्रेय बऱ्याच जणांकडे जातं. जर्मनीत सेबास्टियन लाइटनर याने १९७२ मध्ये त्यासाठी पुठ्ठ्याची पेटी लोकप्रिय केली. पोलंडमधल्या पोझनानमध्ये प्योत्र वोझनियाक या विद्यार्थ्याने १९८५ मध्ये आधी कागदावर अंतरं मोजली आणि १९८७ मध्ये ‘सुपरमेमो’ हा संगणकाचा प्रोग्राम लिहिला. डेमियन एल्म्स या ऑस्ट्रेलियनाने २००६ मध्ये अँकी सुरू केलं, तेव्हा तो जपानी शिकत होता.

पहिली पायरी : डोक्यात काय, कपाटात काय

सॉफ्टवेअर उतरवून घेण्याआधी एक चाळणी लावा. सगळंच पाठ करायचं नसतं. गॅसचा ग्राहक क्रमांक, आयकराच्या विवरणपत्राची मुदत, कुठल्या फाइलीत सातबारा आहे, हे शोधता आलं म्हणजे पुरतं. ज्या गोष्टी फोन हाताशी नसताना, किंवा दोन-तीन सेकंदांत लागतात, त्या डोक्यात हव्यात : परीक्षेतली कलमं, संभाषणातले शब्द, औषधांची मात्रा, आणि तुमच्या क्षेत्रातले असे आकडे ज्यांच्याशिवाय समोर आलेली बातमी खरी की थाप ते कळतच नाही.

या शेवटच्या प्रकाराकडे लोक दुर्लक्ष करतात. ‘गूगल आहे की’ हे उत्तर ऐकायला ठीक आहे, पण काय शोधायचं हे सुचण्यासाठीसुद्धा डोक्यात आधीचं काहीतरी असावं लागतं. राज्यघटनेच्या बाराव्या परिशिष्टात नगरपालिकांचे १८ विषय आहेत हे ज्याला माहीत आहे, त्याला ‘हे काम नगरपालिकेचं की राज्याचं?’ हा प्रश्न तरी पडतो.

दुसरी अट : जे समजलेलं नाही त्याचं कार्ड करायचं नाही. न समजलेली व्याख्या अँकी तुमच्याकडून इमानेइतबारे पाठ करून घेईल, आणि मुलाखतीत एक उपप्रश्न आला की सगळं कोसळेल. आधी धडा वाचा, कोणाशी तरी बोला, गणित असेल तर दोन उदाहरणं सोडवा. कार्डं त्यानंतर.

दुसरी पायरी : उतरवून घेणं आणि जोडणं

संगणकावर (विंडोज, मॅक, लिनक्स) अँकी फुकट आहे. अँड्रॉइड फोनसाठी ‘अँकीड्रॉइड’ आहे, तेही फुकट, स्वयंसेवकांनी बनवलेलं. आयफोनवरचं ‘अँकीमोबाइल’ मात्र विकत घ्यावं लागतं. त्या पैशांवर बरंचसं बाकीचं काम चालतं. ॲप स्टोअरमध्ये नावाशी मिळतीजुळती ॲप्स पुष्कळ आहेत आणि त्यांतली काही दर महिन्याला वर्गणी मागतात. चिन्ह आणि नाव नीट बघून घ्या.

मग ‘अँकीवेब’वर खातं काढा. ते फुकट असतं आणि त्यामुळे संगणकावरची कार्डं फोनवर येतात. पहिल्यांदा सिंक करताना ‘अपलोड’ की ‘डाउनलोड’ असा प्रश्न येऊ शकतो. इथे घाईत बोट लावू नका. ज्या यंत्रावर कार्डं आहेत तिथून अपलोड, आणि जे रिकामं आहे तिथे डाउनलोड. उलटं झालं तर रिकामी पेटी भरलेल्या पेटीवर चढते.

कार्डं संगणकावर करावीत, उजळणी फोनवर करावी, ही विभागणी बहुतेकांना मानवते. पनवेलहून सीएसएमटीला निघालेल्या लोकलमध्ये उभ्याउभ्या अंगठ्याने शंभर कार्डं होतात. त्याच अवस्थेत नवीन कार्ड टंकायला जाल तर त्यात चुका भरतील.

मराठी टंकनासाठी फोनवर जीबोर्ड आणि विंडोजवर मराठी फोनेटिक कळफलक पुरतो. सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरसंचातच लिहा. जुन्या पीडीएफमधला मजकूर चिकटवला आणि देवनागरीऐवजी रोमन अक्षरांचा खिचडा दिसला, तर ती पीडीएफ युनिकोडपूर्व फाँटमध्ये केलेली आहे असं समजा. अशा पानाचा फोटो काढून गूगल लेन्सने मजकूर ओळखून घेता येतो, पण जोडाक्षरं आणि अनुस्वार डोळ्यांनी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तिसरी पायरी : आकडे आधी खाली आणा

अँकीत प्रत्येक गठ्ठ्याला (त्याला ‘डेक’ म्हणतात) रोज २० नवीन कार्डं हा आकडा आधीपासून घातलेला असतो. नवशिक्याला तो जास्त आहे. अँकीच्याच मार्गदर्शिकेत ठोकताळा दिला आहे की रोज जितकी नवीन कार्डं घ्याल त्याच्या साधारण दहापट उजळणी काही दिवसांनी रोज करावी लागते. २० नवीन म्हणजे रोज २०० जुनी. पहिल्या आठवड्यात हे जाणवत नाही, कारण जुनं काही साचलेलंच नसतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एकदम अंगावर येतं, आणि बहुतेक लोक नेमके तिथेच पळतात. गठ्ठ्याच्या ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन हा आकडा ५ किंवा फार तर १० करा. १० नवीन आणि १०० जुनी, एका कार्डाला आठ-दहा सेकंद, म्हणजे रोजची पंधरा-वीस मिनिटं. नोकरी सांभाळून हे जमतं.

तिथेच खाली ‘एफएसआरएस’ नावाचा पर्याय दिसेल. तो सुरू करा. अँकीचं जुनं गणित वोझनियाकच्या १९८० च्या दशकातल्या सूत्रावर आधारलेलं होतं. २०२३ पासून अँकीत हे नवं गणितही आहे आणि ते तुमच्या स्वतःच्या उत्तरांवरून तुमच्या विसरण्याचा अंदाज बांधतं. त्यात ‘डिझायर्ड रिटेन्शन’ असा एक आकडा असतो, मुळात ९० टक्के. याचा अर्थ, कार्ड समोर येईल तेव्हा ते आठवण्याची शक्यता दहात नऊ असावी. काही उत्साही मंडळी तो ९७ करून ठेवतात. असं करू नका. शेवटच्या त्या काही टक्क्यांसाठी उजळणीचा ढीग कितीतरी पटींनी वाढतो. दहातलं एक विसरलं तरी चालेल हे मान्य करणाऱ्यालाच ही पद्धत झेपते.

बाकीच्या पर्यायांना पहिले दोन-तीन महिने हात लावू नका. अँकीला वरून जोडायचे ‘ॲड-ऑन’सुद्धा नकोत. पार्श्वभूमीला कोणता रंग असावा यावर रविवार घालवणारे आणि प्रत्यक्ष उजळणी न करणारे लोक भरपूर आहेत.

गठ्ठेही कमी ठेवा. विषयाला एक पुरे. धड्यागणिक गठ्ठे केले की धडा कुठला यावरूनच अर्धं उत्तर सुचतं, आणि परीक्षेत ती सोय नसते. वर्गवारी हवी असेल तर टॅग वापरा. टॅगच्या नावात मोकळी जागा चालत नाही, म्हणून ‘पंचायत_राज’ असं लिहा.

चौथी पायरी : कार्ड लिहिणं

कार्डाला दोन बाजू : पुढे प्रश्न, मागे उत्तर. पहिलीच चूक बहुतेक सगळे करतात ती अशी :

पुढे : गोदावरी नदीची माहिती सांगा.
मागे : उगम त्र्यंबकेश्वर, लांबी १४६५ किमी, उपनद्या अमुक अमुक, काठावरची शहरं नाशिक, पैठण, नांदेड…

हे कार्ड नव्हे, निबंधाचा विषय आहे. आठपैकी पाच गोष्टी आठवल्या तर बरोबर म्हणायचं की चूक? आणि ज्या तीन विसरल्या त्यांच्यासाठी उरलेल्या पाच पुन्हा पुन्हा म्हणत बसायचं का? परवच्यातली उधळपट्टी इथे मागच्या दाराने परत आली. एका कार्डात एकच गोष्ट विचारा, जिचं उत्तर दोन-चार शब्दांत संपतं :

गोदावरीचा उगम कुठे? — त्र्यंबकेश्वर.
प्रवरा कोणत्या नदीला मिळते? — गोदावरी.
पैठण कोणत्या नदीच्या काठी? — गोदावरी.

कार्डांची संख्या वाढली म्हणून घाबरू नका. सोपी कार्डं दोन-तीन फेऱ्यांत महिनाभर लांब जातात आणि त्रास देत नाहीत. जड कार्ड मात्र दर दोन दिवसांनी दारात उभं असतं.

याद्या हा पुढचा सापळा. ‘कोकण विभागातले सात जिल्हे सांगा’ हे कार्ड जन्मभर छळेल. त्याऐवजी नकाशा घ्या. अँकीत ‘इमेज ऑक्लूजन’ नावाचा कार्डप्रकार आहे. चित्रावर चौकोन ओढायचे, की प्रत्येक चौकोनाखाली झाकलेलं नाव हे एकेक कार्ड होतं. पालघर, ठाणे, मुंबई उपनगर, मुंबई शहर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे वरून खाली सात चौकोन, म्हणजे सात कार्डं, आणि जागा डोळ्यांपुढे असल्यामुळे ती पटकन बसतात. जोडीला शेजाराचे प्रश्न घाला : कोकणात रत्नागिरीच्या दक्षिणेला कोणता जिल्हा? पालघर कोणत्या जिल्ह्यातून वेगळा झाला? कधी? (१ ऑगस्ट २०१४.) वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना तर हा प्रकार वरदानच आहे. मनगटातली आठ हाडं यादी करून पाठ करणं आणि एक्स-रेवर बोट ठेवून ओळखणं यांत काय फरक आहे, ते वॉर्डात पहिल्याच दिवशी कळतं.

एकमेकांत गुंतणारी कार्डं ही तिसरी डोकेदुखी. वित्त आयोग अनुच्छेद २८०, राज्य वित्त आयोग २४३-आय. निवडणूक आयोग ३२४, राज्य निवडणूक आयोग २४३-के. ही चारही वेगवेगळी कार्डं करून ठेवली तर सहा महिन्यांनीही आय आणि के यांची अदलाबदल होत राहते. यावर उपाय म्हणजे फरकालाच प्रश्न करायचा : ‘२४३-आय आणि २४३-के : यांतलं पैशांचं कोणतं?’ आणि कार्डाच्या मागे एक ओळ कारणाची : ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना निवडणूक आली, म्हणून ती घेणारा आयोग आला, पंचायतींना पैसा लागणार, म्हणून तो वाटून देणारा आयोग आला. या कारणाची परीक्षा घ्यायची नसते. पण चुकल्यावर नजर तिथे जाते, आणि पुढच्या वेळी आकड्याला धरायला काहीतरी असतं.

भाषा शिकणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. पुण्यात जर्मन शिकणाऱ्यांना पहिल्याच महिन्यात भेटणारं त्रिकूट घ्या : डेअर ल्योफेल म्हणजे चमचा, डी गाबेल म्हणजे काटा, दास मेसर म्हणजे सुरी. जेवणाच्या टेबलावरच्या तीन वस्तू आणि तिघींची तीन लिंगं. मराठी माणसाला तीन लिंगांचं नवल नाही, इंग्रजी शाळेत वाढलेल्या दिल्लीकराला असतं. पण आपली लिंगं जुळतील याचा भरवसा नाही. आपला काटा पुल्लिंगी, त्यांची गाबेल स्त्रीलिंगी. म्हणून नाम कधीही एकटं लिहायचं नाही, उपपदासकटच लिहायचं. पुढच्या बाजूला मराठी शब्दाऐवजी वस्तूचं चित्र लावलं तर मधला अनुवाद गळतो आणि बोलताना वेळ वाचतो. उच्चाराची ध्वनिफीतही जोडता येते; ती जोडाच, नाहीतर डोळ्यांना येणारी आणि कानांना न येणारी भाषा तयार होते. दोन्ही बाजूंनी विचारणारा ‘बेसिक अँड रिव्हर्स्ड’ प्रकार शब्दांसाठी चांगला आहे. इतिहासाच्या तारखांसाठी तो वापरू नका, कारण ‘१९६० मध्ये काय झालं?’ या प्रश्नाला शंभर बरोबर उत्तरं असतात.

वाक्यातला एक शब्द गाळून विचारायचा असेल तर ‘क्लोझ’ हा प्रकार आहे : शब्द निवडा, कंसाचं बटण दाबा, झालं. सोपं असल्यामुळेच त्याचा अतिरेक होतो. पुस्तकातला परिच्छेद उचलून त्यात सहा ठिकाणी गाळलेल्या जागा केल्या, की थोड्याच दिवसांत वाक्याच्या आकारावरून उत्तर येतं, अर्थावरून नाही. वाक्य आधी स्वतःच्या शब्दांत लहान करा, मग गाळा. पाठांतरच करायचं असेल, स्तोत्र असो वा कवितेचं कडवं, तर एक ओळ पुढे आणि तिच्यानंतरची ओळ मागे, असं साखळीने जा.

दुसऱ्यांचे तयार गठ्ठे फुकट मिळतात. त्यांच्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. भाषेतले नेहमीचे हजार-दोन हजार शब्द किंवा जगाचा नकाशा यांसाठी ठीक. वैद्यकीतले काही गठ्ठे अनेक वर्षं अनेक हातांनी सुधारलेले आहेत, तेही ठीक. पण टेलिग्रामवर फिरणारे ‘संपूर्ण राज्यशास्त्र, पाच हजार कार्डं’ असले गठ्ठे कोणी, कधी, कुठून उतरवले याचा पत्ता नसतो. शिवाय कार्ड लिहिताना ‘यातलं नेमकं विचारण्यासारखं काय?’ हा जो विचार होतो, त्यातच निम्मा अभ्यास असतो. तयार गठ्ठ्यात तो दुसऱ्याने करून टाकलेला असतो.

एआयला काय सांगायचं

आजकाल धडा चॅटबॉटला द्यायचा आणि पन्नास कार्डं काढून घ्यायची, ही टूम आहे. काम झटपट होतं हे खरं. पण कलमांचे क्रमांक, तारखा, आकडे या बाबतीत ही यंत्रं बेधडक चुकतात, आणि चूकसुद्धा बरोबर उत्तराइतक्याच शांतपणे सांगतात. अँकीत एकदा शिरलेली चूक साधी राहत नाही. दर वाढत्या अंतराने ती पक्की होत जाते. म्हणून एआयकडून आलेलं एकही कार्ड मूळ पुस्तकाशी ताडून पाहिल्याशिवाय घ्यायचं नाही. कार्डाला ‘स्रोत’ नावाचा एक रकाना जोडा आणि त्यात पुस्तक, आवृत्ती, पान लिहा. जिल्ह्यांची संख्या, पदाधिकारी, योजनांच्या रकमा बदलतात, तेव्हा हाच रकाना कामाला येतो.

त्यापेक्षा उलटा वापर जास्त चांगला. तुम्ही लिहिलेली कार्डं त्याला द्या आणि विचारा : यांतल्या कोणत्या प्रश्नाला एकापेक्षा जास्त बरोबर उत्तरं संभवतात? कोणतं कार्ड फार लांब आहे? किंवा धड्यावर तोंडी परीक्षा घ्यायला सांगा, आणि जिथे तुमची दांडी उडेल तेवढ्यांचीच कार्डं करा.

पाचवी पायरी : रोजची उजळणी

प्रश्न दिसला की उत्तर आधी मनात, जमल्यास ओठांनी म्हणा, आणि मगच कार्ड उलटा. ‘हां, हे येतं मला’ असं म्हणून उलटणं म्हणजे पुन्हा तेच वाचन, ज्याचे आठवड्याने ४० टक्के उरतात.

उलटल्यावर चार बटणं येतात : अगेन, हार्ड, गुड, ईझी. विसरलात तर अगेन. आठवलं तर गुड. सुरुवातीला ही दोनच पुरेत. ‘हार्ड’चा अर्थ ‘आठवलं, पण कष्टाने’ असा आहे; ‘चुकलं, पण थोडक्यात चुकलं’ असा नाही. चुकलेल्याला हार्ड दिलं की गणिताला वाटतं तुम्हाला येतं, आणि ते कार्ड लांब पाठवतं. स्वतःशीच लबाडी करण्याची ही एकमेव जागा आहे, आणि तिथे लबाडी करणारे कमी नाहीत. अगेन दाबलं म्हणून कोणी गुण कापत नाही.

वेळ ठरलेली असावी. सकाळचा चहा, प्रवास, दुपारचा डबा झाल्यावरची दहा मिनिटं, काहीही. आधी जुनी कार्डं, मग नवी. कंटाळा आला तर नवी सोडा, जुनी सोडू नका.

तरीही गणपतीत गावी जाल, घरात लग्न निघेल, आणि परत येऊन बघाल तर सहाशे कार्डं थकलेली असतील. इथे गठ्ठा पुसून ‘नव्याने सुरुवात’ करण्याचा मोह होतो. तसं करू नका. नवीन कार्डांचा आकडा शून्य करा, रोज शंभर-दीडशे जुनी काढा, ढीग हळूहळू ओसरतो. इतके दिवस उलटूनही जी कार्डं आठवली, त्यांना गणित जास्त लांबचं अंतर देतं, त्यामुळे थकबाकी वाटते तितकी वाईट नसते.

एखादं कार्ड आठ वेळा पाठ होऊन पुन्हा विसरलं गेलं की अँकी त्याला ‘लीच’ म्हणजे जळू असा शिक्का मारतं. जळवांची यादी महिन्यातून एकदा काढा. तिथे तुमची स्मरणशक्ती अपुरी पडलेली नसते, बहुतेक वेळा कार्ड फसलेलं असतं : दोन प्रश्न एकात, संदर्भ नाही, किंवा मुळात समजलेलंच नाही. मोडून नव्याने लिहा, नाहीतर सरळ काढून टाका. काही गोष्टी न आल्याने काही बिघडत नाही.

पुठ्ठ्याची पेटी

घरातल्या पाचवीतल्या मुलाच्या हातात फोन द्यायचा नसेल तर लाइटनरची पेटी करा. बुटांच्या खोक्यात पाच कप्पे. सगळी कार्डं पहिल्या कप्प्यात. बरोबर आलं की पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. पाढ्यांसाठी याच्यासारखं साधन नाही : बेचा पाढा आठवड्याभरात पुढच्या कप्प्यांत निघून जातो आणि एकोणतीसचा पहिल्याच कप्प्यात ठाण मांडून बसतो.

कपाटाकडेही थोडं लक्ष

जे डोक्यात ठेवायचं नाही ते सापडलं तरी पाहिजे. व्हॅनिव्हर बुश या अमेरिकी अभियंत्याने १९४५ मध्येच टेबलाएवढ्या एका काल्पनिक यंत्राचं वर्णन केलं होतं. माणसाची सगळी पुस्तकं, पत्रं, टिपणं त्यात असतील आणि एकीवरून दुसरीकडे वाटा काढता येतील, असं. जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लूमान याने तेच काम कागदी चिठ्ठ्यांनी केलं, सुमारे ९० हजार चिठ्ठ्या, प्रत्येकीला क्रमांक आणि एकीत दुसरीचा उल्लेख. तुम्हाला एवढ्या पसाऱ्याची गरज नाही. टिपणांचं कुठलंही एक ॲप घ्या, ज्यात शोध चालतो आणि मजकूर बाहेर काढता येतो.

मराठीत शोधताना मात्र एक अदृश्य खड्डा आहे. ‘ॲ’ हे अक्षर दोन तऱ्हांनी टंकता येतं : एक सबंध अक्षर म्हणून, आणि दुसरं ‘अ’वर चंद्र ठेवून. दिसायला सारखंच, संगणकाच्या लेखी वेगळं. ‘दुसऱ्या’मधल्या त्या आडव्या र चंही तसंच. फोनवर एका कळफलकाने लिहिलेलं ‘ॲसिड’ संगणकावर दुसऱ्या कळफलकाने शोधलं तर सापडत नाही, आणि माणूस समजतो की आपण लिहिलंच नव्हतं. एकच कळफलक दोन्हीकडे ठेवा, किंवा शोधताना शब्दाचा हे अक्षर नसलेला तुकडा टाका.

कार्डांसाठी विश्वसनीय मजकूर हवा असेल तर मराठी विश्वकोशाचे खंड जालावर मोफत वाचता येतात. जुन्या शब्दांसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची, पण मराठी साहित्य शिकणाऱ्याला अजूनही रोज लागते.

राखण

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. एका यंत्रावर चुकून गठ्ठा पुसला तर सिंक ते पुसणंही दुसरीकडे पोचवतं. महिन्यातून एकदा ‘एक्स्पोर्ट’ करून, चित्रं-आवाजासकट, एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. मित्राला गठ्ठा देताना आधी एकदा चाळून घ्या. कार्डांत स्वतःचे फोटो, घरच्यांची नावं, रुग्णांचे एक्स-रे राहून गेलेले असतात. एक्स्पोर्ट करताना ‘उजळणीच्या तारखा सोबत द्याव्यात का’ अशी खूण येते, ती काढून टाका, म्हणजे त्याची सुरुवात शून्यापासून होईल.

परीक्षा संपल्यावर सगळा गठ्ठा पुसू नका आणि सगळा चालूही ठेवू नका. ब्राउझ उघडा, टॅगप्रमाणे निवडा, आणि फक्त परीक्षेसाठी होतं ते ‘सस्पेंड’ करा. ते तिथेच राहील, पण विचारलं जाणार नाही. पुढच्या वर्षी पुन्हा बसायची वेळ आली तर एका टिचकीत उठवता येतं.